बावीस मिलिमीटर

आमच्या घरमालकांसमोर, म्हणजे काकांसमोर, 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. 'अंदाजे', 'जवळपास', 'असंल की' हे त्याचेच भाऊबंद, त्यांनाही बंदी. त्यांच्या घराच्या खालच्या पुढच्या खोलीत मी शिलाईचं दुकान टाकलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "रोज किती वाजता उघडणार?" मी म्हटलं, "दहा-सव्वादहाला." ते म्हणाले, "दहा की सव्वादहा?" मला वाटलं, माणूस गंमत करतोय. मी हसले. ते हसले नाहीत. उत्तर येईपर्यंत दारात तसेच उभे राहिले. शेवटी मी सव्वादहा म्हणून मोकळी झाले आणि पुढची सहा वर्षं सव्वादहाला दुकान उघडत राहिले. एखाद्या दिवशी उशीर झाला तर बोलायचे काही नाहीत, फक्त अंगणातून मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मापायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. चौतीस वर्षं माणसानं हेच केलं की त्याला सगळं जगच तपासणीला आलेलं दिसत असावं. निवृत्त झाले, कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला, पण खिशातला स्टीलचा टेप काही निवृत्त झाला नाही. सदऱ्याचा डावा खिसा त्या वजनानं कायम लोंबलेला. मला ते बघवेना, म्हणून एकदा खिशाला आतून पट्टी लावून दिली. हातात घेऊन म्हणाले, "ताई, पट्टी तीन मिलिमीटर वाकडी आहे." होतीच. मी उसवून परत लावली.

कारखान्यातली त्यांची एक गोष्ट चहाच्या टपरीवर अजून सांगतात. गेटवर ट्रक भरून उभा होता, माल निघायची घाई होती आणि काकांनी तो अडवून धरला होता. मोठा साहेब घायकुतीला येऊन म्हणाला, "अहो, केसाएवढा तर फरक आहे." काकांनी शांतपणे विचारलं, "कुणाच्या केसाएवढा?" साहेबाला टक्कल होतं की नव्हतं याबद्दल सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. ट्रक त्या दिवशी गेला नाही यावर मात्र एकमत आहे.

अशा माणसाशी लोक फटकूनच वागणार, पण बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाढायला सगळ्यांना तेच लागायचे. पहिल्या पोराच्या वाटीत जेवढी, तेवढीच शेवटच्या म्हातारीच्या वाटीत, आणि पातेलं पुसून रिकामं. पूर्वी दरवर्षी शेवटच्या रांगेतली माणसं नुसतं पातेलं बघून घरी जायची, ती त्यांच्यामुळे खाऊन जायला लागली. घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती त्यांनी गवंड्याची लेव्हलबाटली लावून टांगलेली. सणासुदीला काकू तसबीर पुसायला काढायच्या आणि मुद्दाम जरा तिरकी लावायच्या. काका बाहेरून आले की चप्पल काढायच्या आधी तिकडे बघायचे, आणि काकू पदर तोंडावर घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. चाळीस वर्षं संसार झाला तरी या बाईला त्यांची फिरकी घ्यायचा कंटाळा आला नव्हता. काकूंच्या भाकरीला त्यांनी कधी टेप लावला नाही. लावला असता तर टेप चुलीत गेला असता, असं काकूच म्हणायच्या.

काकू तिसगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या. तिथं त्यांची आई होती, नव्वदीच्या घरातली, ऐकू कमी, नजर बरी, जीभ शाबूत. काकूंना भाऊ होता तो आधीच गेला, भाचा आजीला सांभाळायचा. महिन्यातून एकदा काका-काकू गाडीनं आईला भेटून यायचे.

आता गाडीचं सांगते. पांढरी, लहान, जुनी चारचाकी. रविवारी सकाळी इतर लोक गाड्या धुतात, काका गाडी मापायचे. चाकाच्या बरोबर मधोमध टेपचं टोक टेकवायचं आणि वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत मोजायचं, चारी चाकांना. जमिनीपासून का नाही मोजत, असं मी एकदा विचारण्याची चूक केली. टायरातली हवा कमी-जास्त झाली की जमिनीपासूनचं माप खोटं बोलतं, चाकाच्या मध्यापासूनचं बोलत नाही, हे समजावून घेण्यात माझं इस्त्रीखालचं एक ब्लाऊज करपलं. गाडी घेतली तेव्हा मागच्या चाकांवर तीनशे ऐंशी मिलिमीटर भरत होतं. वापरानं स्प्रिंगा दबतात, गाडी मागून बसायला लागते. पंचवीस मिलिमीटर बसली की स्प्रिंगा बदलायच्या, असा नियम त्यांनी स्वतःच ठरवला होता. पंचवीसच का, तर कुठंतरी रेघ मारावी लागते म्हणून.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आई आजारी असल्याचा निरोप आला आणि दोघं निघाले. त्या दिवशी गाडी बावीस मिलिमीटर बसलेली होती. करंजीच्या अलीकडे रस्त्यावर एक नवाच स्पीडब्रेकर झाला होता, पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. काकांना तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. पुढची चाकं गेली, मागचा भाग आपटला, आणि मागच्या सीटवर बसलेल्या काकूंच्या पाठीचा मणका दबला. वय झालेलं, हाडं ठिसूळ. तिथूनच गाडी नगरला वळवली. ऑपरेशन लागलं नाही, पण तीन महिने पाठीवर पडून राहायचं, आणि नंतर उठतील-बसतील ते कमरेला पट्टा बांधून. डॉक्टर म्हणाले, पुन्हा हिसका बसता कामा नये.

काकू आता नाहीत. त्यांच्यामागं सात महिन्यांनी काकाही गेले. म्हणून हे सगळं लिहायला हरकत नाही.

काकूंची चौकशी करायला गल्लीतलं जे कुणी येई, त्याला काका दारातच सांगायचे, "रीडिंग बावीस होतं. मी पंचविसाची वाट बघितली." दूधवाल्याला सांगितलं, विहारातल्या बायकांना सांगितलं, माझ्याकडं फॉल-पिको करायला आलेल्या परक्या पोरीलाही सांगितलं. ती बिचारी घाबरून साडी तशीच घेऊन गेली. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी चिडले, पण त्यांच्या तोंडाकडं बघून गप्प बसले.

काकू पडल्या पडल्या एकच विचारायच्या, "मला आईकडं कधी नेता?" आईला खरं कळवलं नव्हतं. म्हातारीला घोर नको म्हणून कामं आहेत, पाहुणे आहेत, असलं काहीबाही सांगत होते. म्हातारी फोनवर ओरडून विचारायची, "कवा येतीस गं?" इकडून काकू ओरडायच्या, "येते, पुढच्या आठवड्यात." फोन ठेवला की काकांकडं बघायच्या. काका म्हणायचे, "गाडी नीट झाल्याशिवाय तुला हलवणार नाही." तेवढ्या एका बाबतीत त्यांनी काकूंचं ऐकलं नाही.

स्प्रिंगा त्यांनी काकूंना दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात बदलल्या. गॅरेजवाल्याला म्हणाले, "सगळ्यात मजबूत टाक." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप न सांगता वस्तू मागितली असेल. गॅरेजवाला पडला वडगावचा, मोकळा माणूस. गॅसची टाकी डिकीत असणाऱ्या गाड्यांना जाड स्प्रिंगा येतात, त्या त्यानं बसवून दिल्या. गाडी घरी आली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. नाक खाली, ढुंगण वर. काकांनी टेप लावला. चारशे पंधरा. पाहिजे त्यापेक्षा पस्तीस जास्त.

"काका, नवीन हायेत, बसत्याल," गॅरेजवाला म्हणाला.

"किती बसतील?"

"बसत्याल की चार-आठ दिसांत."

"चार की आठ?"

काकांनी बारा दिवस वाट बघितली. दोन मिलिमीटर बसल्या. मग चाचणी सुरू झाली. एक वाटी काठोकाठ पाण्यानं भरून मागच्या सीटवर ठेवायची, ती मी धरायची आणि काका गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गाडी न्यायचे. खाली उतरून वाटीत किती पाणी उरलं ते औषधाच्या मापानं मोजायचे. उरायचं नाही फारसं. सगळं माझ्या मांडीवर असायचं. जाड स्प्रिंगा आणि मोकळी गाडी, दर हिसक्याला सीट मला खालून लाथ घातल्यासारखी उडवायची. मी म्हटलं, "काका, काकूंच्या आधी माझा मणका जाईल." ते वाटीत बघत म्हणाले, "म्हणून तर तिला बसवलं नाही."

त्यांनी त्या काढायला लावल्या आणि दुसऱ्या बसवल्या, त्या मऊ निघाल्या. गाडी आठ मिलिमीटर खाली. नापास. पुन्हा जाड टाकल्या, कारण मऊवर त्यांचा जीव धजेना. गॅरेजवाला एक दिवस कंटाळून म्हणाला, "काका, तुमी गाडी दुरुस्त करताय का पोरीला स्थळ बघताय?" शेवटी काकांनी गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातून बरोबर नंबर शोधून काढला आणि त्या स्प्रिंगा पुण्याहून मागवल्या. येईपर्यंत रोज सकाळी टेप चालूच.

एक दिवस मी न राहवून बोलले. म्हटलं, "काका, मी ब्लाऊजचं माप खुंटीला टांगून घेत नाही. बाईच्या अंगावर घेते. तुम्ही रोज रिकामी गाडी मापताय. रिकाम्या गाडीत कोण जाणार आहे?"

त्यांनी टेप आत सरकवला. मग म्हणाले, "बरोबर आहे." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांना अंगणातल्या गाडीत बसवायला लागले.

त्या सकाळची मला अजून लाज वाटते. ब्लाऊज न्यायला आलेली शाळेतली बाई, मिरच्या विकणारी मावशी, शेजारच्या गल्लीतली नवी सून, एकेकीला हात जोडून म्हणायचे, "जरा मागच्या सीटवर डावीकडं बसता का? दोन मिनिटं." बसली की हे चाकापाशी उकिडवे. मग उठून विचारायचे, "तुमचं वजन किती?" शाळेतली बाई लाल झाली. मिरच्यावाली मावशी म्हणाली, "का हो, खाटकाकडं धाडताय काय?" नव्या सुनेनं सत्तेचाळीस सांगितलं, काकांनी टेप बघितला आणि म्हणाले, "नाही. साठ." ती पोर रडायच्या बेताला आली. मी मशीन सोडून धावत गेले, तिच्या शेजारी शिरले आणि गाडीचं दार आतून लावून घेतलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. काकू, पट्टा बांधून, गज धरून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. अंथरुणाला पडल्यापासून त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. काकांनी वर बघितलं, टेप खिशात टाकला आणि त्या दिवसापुरती तपासणी बंद केली.

त्यातलं एक मला नंतर कळलं. काकूंचं स्वतःचं वजन ते विचारत नव्हते. अंथरुणावर पडून त्या पार वाळल्या होत्या, आणि तो आकडा काकांना ऐकायचा नव्हता.

मग भाच्याचा फोन आला. सोमवार होता, मी नुकतंच दुकान उघडलं होतं. काकूंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला, मला खालीसुद्धा ऐकू आलं. "आत्या, आजीनं दोन दिस झालं भाकर सोडलीया. पानी तेवढं घेती. तुझंच नाव काढतीया. यायचं आसंल तर ये."

काकू जिना एक एक पायरी करत उतरल्या. अंगावर बाहेर जायचं लुगडं, हातात पिशवी. काका अंगणातच होते. म्हणाले, "गुरुवारी पुण्याहून स्प्रिंगा येतायत. शुक्रवारी सकाळी निघू."

काकू म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत आई थांबणार आहे का? तिला विचारून सांगता का मला?"

"अगं, या स्प्रिंगांवर नाही. हा माल नापास आहे."

"मग मी एसटीनं जाते," असं म्हणून त्या फाटकाकडं वळल्या. एसटीच्या मागच्या बाकावर बसून त्या मणक्याचं काय झालं असतं ते सांगायला डॉक्टर नको. काका फाटक अडवून उभे राहिले. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात टेप, आणि पुढं काय करायचं ते माहीत नाही असा चेहरा. मला राग आवरला नाही. माझा राग तसाही फार लांबून यावा लागत नाही. मी म्हटलं, "काका, तुमच्या पंचविसापायी ही बाई तीन महिने पाठीवर पडली. आता हिची आई जाईपर्यंत मोजत बसा."

 काका टेप खिशात ठेवायला गेले. तो दोनदा खिशाच्या बाहेरून घसरला, तिसऱ्यांदा आत गेला. काकूंनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि ते बघणं काही बरं नव्हतं.

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. म्हणून असेल, डोकं चालायला लागलं. माझे आईबाप पाथर्डी तालुक्यातले, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कोपरगावकडं जायचे. माझं निम्मं लहानपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलं. आई कायम सांगायची, रिकाम्या ट्रॉलीत बसू नको, हाडं खिळखिळी होतील. ऊस भरला की वर चढ. रिकामी ट्रॉली दगडादगडाला उडते, आणि भरलेली डुलत जाते, पोरं वर झोपून जातात. हेच मी काकांना सांगितलं. म्हटलं, "स्प्रिंगा जाड आहेत ना? मग त्यांच्या जोगं ओझं द्या. डिकी भरा."

काकांनी विचार केला असेल एक मिनिट. मग म्हणाले, "गॅसची टाकी साठ किलोची. तीच नाही म्हणून उडते." आणि पहिल्यांदाच काही न मापता धावत गेले ते शेजारच्या गिरणीत. गिरणीवाल्याकडून गव्हाचे दोन कट्टे, पन्नास-पन्नास किलोचे, उचलून आणवले आणि डिकीत आडवे टाकले. गाडी खाली बसली. काका गुडघ्यावर बसले.

"तीनशे ब्याऐंशी," ते म्हणाले.

"ऐंशी पाहिजे होतं ना?" मी म्हटलं. माझी जीभ.

"चालेल," काका म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द त्याआधी ऐकला नव्हता.

मी मागं काकूंच्या शेजारी बसले, पाठीमागं हात घालून. दुकानाला कुलूप. काका एवढ्या हळू चालवत होते की उसाच्या बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं असतं. पण गाडी खरंच डुलत चालली होती. करंजीच्या अलीकडचा तो स्पीडब्रेकर आला. आता त्याच्यावर पांढरे पट्टे मारलेले होते, दोन्ही बाजूंना पाट्या होत्या. काकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि खाली उतरून काकूंचं दार उघडलं. "उतर," म्हणाले. काकू उतरल्या. त्यांना धरून मी तो ब्रेकर पायी पार केला. काकांनी गाडी पलीकडे आणली, दार उघडलं, काकू बसल्या. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं. काकू एवढंच म्हणाल्या, "पुढचे पण चालत जायचे का?" काका म्हणाले, "नाही. एवढाच."

म्हातारी ओट्यावर वाकळेवर पडली होती. लेकीला बघितल्यावर तिनं हात वर केला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे लेकीची पाठ चाचपली. लुगड्याच्या आतला पट्टा हाताला लागला. "हे काय बांदलंया?"

"कंबर धरलीय जरा, आई," काकू म्हणाल्या.

काका पुढं झाले आणि वाकून मोठ्यानं म्हणाले, "कंबर नाही. माझ्या हातून झालं. रीडिंग बावीस होतं."

म्हातारीनं लेकीला विचारलं, "काय म्हनत्यात?"

"भूक लागलीय म्हणतायत," काकू म्हणाल्या. "तू खाशील तरच जेवतील म्हणतायत."

म्हातारी म्हणाली, "मग आन की," आणि लेकीच्या हातून दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली. भाचा दाराआड जाऊन डोळे पुसून आला. म्हातारी त्यानंतर एकेचाळीस दिवस जगली आणि ते सगळे दिवस काकू तिच्या उशाशी होत्या, एवढं इथंच सांगून टाकते.

ऊन उतरल्यावर काका निघाले. गुरुवारी स्प्रिंगा घ्यायच्या होत्या. मी त्यांच्याबरोबर परत जाणार होते. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर काकू पट्ट्याला हात लावत माझ्यामागं आल्या. म्हणाल्या, "सकाळी तू ह्यांना बोललीस ते मला लागलं."

मी म्हटलं, "चुकलं काकू. राग आला होता."

"राग येऊ दे. पण खोटं बोललीस. तुला माहीत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी हे निघतच नव्हते. बावीस झालंय, उद्या स्प्रिंगा बदलतो, परवा जाऊ, म्हणत होते. आईचा निरोप आला होता, माझा जीव राहिना. मीच म्हटलं, तुमचाच नियम ना पंचविसाचा? मग अजून तीन बाकी आहेत की. चला." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "हे विसरलेत ते. मी पडल्यापासून एकदासुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. तू आठवण करून देऊ नको."

मी बरं म्हटलं. पण मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. आणि सकाळचं बोलणं मागं घ्यायचं राहिलं होतं. गव्हाचे कट्टे म्हातारीच्या घरीच ठेवले होते, गाडी पुन्हा रिकामी, आणि घाट चढताना सीट उडायला लागली तशी मी पुढच्या दांडीला धरून म्हटलं, "काका, सकाळी मी बोलायला नको होतं. काकूंनी मला सांगितलं. तुम्ही नकोच म्हणत होता. अजून तीन बाकी आहेत, असं त्या म्हणाल्या होत्या."

काकांनी गाडीचा वेग आणखी कमी केला. 

"मग तुम्ही दूधवाल्यापासून सगळ्यांना स्वतःचंच नाव का सांगत सुटलात?" मी विचारलं.

"ताई, माल घाईनं पुढं रेटणारे असतातच," ते म्हणाले. "त्यांना घाई असते, त्यात काही वाईट नाही. तिला आईकडं जायचं होतं. पण पास मी केला. पास करणाऱ्यानं रेटणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं."

 खाली करंजीची घरं दिसत होती.

"आणि एक करा," ते म्हणाले. "मला हे आठवतं, हे तिला सांगू नका. मी विसरलोय असं तिला वाटतं, म्हणून तिला झोप लागते."